२.६ चा उतार : अणुकेंद्रकाच्या अवस्थांतरावरच्या एका एम.एस्सी. प्रकल्पाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावच्या महाविद्यालयातलं आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, वर्ष आणि नावं गाळली आहेत. पदव्युत्तर भौतिकशास्त्राचा वर्ग लहान आहे. प्रयोगशाळेत जीएम काउंटर आहे, एक गॅमा स्पेक्ट्रोमीटर आहे, आणि प्रकल्पासाठी प्रत्येकाचा स्वतःचा लॅपटॉप. विद्यार्थिनी शिंदखेडा तालुक्यातली, घरी कापसाची शेती, घरची बोली अहिराणी. मुख्य मार्गदर्शक मॅडमचा विषय घनस्थिती भौतिकी. माझा संबंध अणुकेंद्रकीय भौतिकीशी, म्हणून शेजारच्या महाविद्यालयातून मला सहमार्गदर्शक म्हणून बोलावलं होतं.

विषय निघाला तो व्हरांड्यातल्या अग्निशामक नळकांड्यावरून. थर्मोडायनॅमिक्सच्या तासाला मॅडमनी विचारलं होतं, या लाल नळकांड्यात कार्बन डायऑक्साइड द्रव आहे की वायू? हिवाळ्यात उत्तर सोपं: तळाला द्रव, वर वायू, मध्ये पृष्ठभाग. पण कार्बन डायऑक्साइडचं क्रांतिक तापमान ३१ अंश सेल्सिअस. थॉमस अँड्र्यूज यांनी ते १८६९ मध्ये दाखवून दिलं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, तेव्हा त्या नळकांड्यात पृष्ठभाग उरतच नाही. द्रव आणि वायू असा भेदच मिटतो. मुलीला या गोष्टीनं झपाटलं. असाच बिंदू अणूच्या गाभ्यातल्या पदार्थालाही असेल का, हा तिचा प्रश्न. प्रश्न उत्तम होता आणि त्याच्यामागे खरा इतिहास आहे.

अणुकेंद्रक द्रवाच्या थेंबासारखं वागतं, ही कल्पना १९३० च्या दशकातली. न्यूक्लिऑन (म्हणजे केंद्रकातले प्रोटॉन आणि न्यूट्रॉन) एकमेकांना थोड्या अंतरावरून ओढतात आणि फारच जवळ आले की ढकलतात. व्हॅन डर वाल्सच्या वायूतल्या (द्रव होऊ शकणाऱ्या खऱ्या वायूच्या साध्या प्रारूपातल्या) रेणूंचं बलही याच घडणीचं असतं. मग थेंब तापवला तर तो उकळायला हवा. थेंब तापवायचा उपाय म्हणजे टक्कर, दुसऱ्या केंद्रकाशी किंवा वेगवान कणाशी. टक्कर मध्यम ऊर्जेची असेल तर केंद्रक फुगतं आणि १०⁻²¹ सेकंदांच्या आसपास अनेक तुकड्यांत फुटतं. या तुकड्यांच्या आकारांच्या यादीत उकळण्याची खूण शोधायची.

पहिला निर्णय : कोणतं अवस्थांतर?

तिच्या पहिल्या प्रस्तावात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या होत्या. एक म्हणजे केंद्रकाचं द्रव-वायू अवस्थांतर. दुसरं म्हणजे न्यूक्लिऑनच वितळून त्यांच्यातल्या क्वार्क आणि ग्लुऑन या कणांचा मोकळा क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा होणं, ज्याचा क्रांतिक बिंदू अमेरिकेतल्या ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेच्या आरएचआयसी या कण-त्वरकावरच्या मापनांतून शोधतात. दोन्हींत 'क्रांतिक बिंदू' हाच शब्द येतो, दोन्हींत सोन्याची केंद्रकं एकमेकांवर आदळतात, त्यामुळे अशी सरमिसळ सहज होते.

तापमानं पाहिली की फरक उघड होतो. पहिल्यात सोन्याच्या केंद्रकाचं तापमान सुमारे ५ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट; इथे तापमान ऊर्जेच्या एककात सांगतात), म्हणजे जवळपास ५,८०० कोटी केल्व्हिन. दुसऱ्यात सुमारे १५५ एमईव्ही, म्हणजे १.८ लाख कोटी केल्व्हिन. शिवाय दुसऱ्या बाबतीत प्रोटॉन आणि प्रतिप्रोटॉन सारख्याच संख्येनं असतील तर तीक्ष्ण अवस्थांतर होतच नाही, बदल सलग सरकत होतो, असं जालकावरच्या (अवकाश-काळाची जाळी धरून संगणकावर केलेल्या) गणितानं २००६ मध्ये दाखवलं. क्रांतिक बिंदू असलाच तर तो प्रोटॉनचं आधिक्य असलेल्या, कमी ऊर्जेच्या टकरींत असेल. त्यासाठी आरएचआयसीवरच्या स्टार प्रयोगानं टकरीची ऊर्जा पायरीपायरीनं उतरवत नेली आणि निव्वळ प्रोटॉनसंख्येच्या (प्रोटॉन वजा प्रतिप्रोटॉन) चढउतारांचे उच्च क्रमांचे आघूर्ण, म्हणजे वाटपाचा आकार सांगणाऱ्या सरासऱ्या, मोजले. २०२१ मध्ये त्यांनी ऊर्जेनुसार सतत एकाच दिशेनं न जाणारा बदल ३.१ सिग्मा (सांख्यिकी खात्रीचं माप) इतक्या खात्रीनं नोंदवला. शोध जाहीर करायला ५ सिग्मा लागतात. या प्रयोगात भारतीय गटांचा वाटा मोठा आहे. त्यातला फोटॉन मोजणारा शोधक आपल्या संस्थांनी बांधला.

मॅडमना हा दुसरा विषय जास्त भावला होता, कारण तो ताजा आहे. मी पहिल्याच्या बाजूनं होतो. निव्वळ प्रोटॉनच्या चढउतारांची खरी विदा आमच्या हातात नव्हती, आणि तिची बरोबरी करील असं साधं प्रारूप लॅपटॉपवर चालत नाही. द्रव-वायू अवस्थांतराच्या बाजूला मात्र पर्कोलेशन हे, जाळीतले बंध यादृच्छिकपणे तोडून तुकडे मोजण्याचं प्रारूप आहे, जे एका खोलीत बसून आतून-बाहेरून समजून घेता येतं. शेवटी विद्यार्थिनीनंच ठरवलं. तिचं कारण मला आवडलं. ज्या आलेखातला प्रत्येक ठिपका मी स्वतः काढू शकते तोच विषय घेते, असं ती म्हणाली.

प्रारूप

६ × ६ × ६ ची घनाकार जाळी घ्यायची. त्यात २१६ जागा असतात; सोन्याच्या केंद्रकात १९७ न्यूक्लिऑन असतात, तेव्हा आकार जवळचा. प्रत्येक जागा शेजारच्या जागेशी बंधानं जोडलेली. कडा मोकळ्या ठेवल्या तर एकूण ५४० बंध होतात. प्रत्येक बंध टिकण्याची शक्यता p. टक्कर जोरदार असेल तर p कमी. बंध यादृच्छिकपणे तोडायचे, उरलेले जोडलेले गट मोजायचे, तेच तुकडे. अमर्याद मोठ्या जाळीत p = ०.२४८८ ला अवस्थांतर होतं: त्याखाली सगळे तुकडे मर्यादित, त्यावर एक तुकडा जाळीभर पसरलेला. त्या बिंदूवर s आकाराच्या तुकड्यांची संख्या s च्या उणे २.१९ व्या घातानं कमी होते. अशा घसरणीला घातनियम आणि या २.१९ ला टाऊ म्हणतात.

टाऊ हे अक्षर मायकेल फिशर यांच्या १९६७ च्या थेंबांच्या सिद्धांतातून आलं. तापमान क्रांतिक बिंदूला पोचलं की थेंबाच्या पृष्ठभागाला ऊर्जा लागेनाशी होते. मोठा थेंब बनणं महाग पडत नाही आणि आकारांच्या यादीत फक्त घातनियम उरतो. व्हॅन डर वाल्सच्या वायूसाठी टाऊ २.३३, त्रिमितीय आयसिंग प्रारूपासाठी (चुंबकत्वाच्या एका साध्या प्रारूपासाठी) सुमारे २.२१. आकडे इतके जवळजवळ आहेत की नुसत्या टाऊवरून प्रारूपं वेगळी करता येत नाहीत. हे वाक्य मी तिला पहिल्याच भेटीत वहीत लिहून दिलं होतं.

अडचण

कोड चालला. एका संध्याकाळी तिचा फोन आला, "सर, डोंगर उना! जठे जोयजे व्हता तठेच उना." (डोंगर आला, जिथे हवा होता तिथेच आला.) सर्वांत मोठा तुकडा वगळून उरलेल्या तुकड्यांच्या वर्गांची बेरीज करायची आणि एकूण जागांनी भागायची, हा दुसरा आघूर्ण. p बदलत नेला की तो वाढतो, शिखराला पोचतो, उतरतो. तिच्या जाळीत शिखर ०.३ च्या आसपास होतं. ०.२४८८ पासून ते वर सरकलंय, कारण जाळी लहान आणि कडा मोकळ्या. कडेच्या जागांना शेजारी कमी. तिथे आकारांचा लॉग-लॉग आलेख (दोन्ही अक्षांवर लॉग घेतलेला, ज्यात घातनियम सरळ रेषा दिसतो) जवळपास सरळ, उतार २.२ च्या घरात. इथवर ठीक.

मग तिनं आणखी एक आलेख काढला. p चे शून्य ते एक सगळे टप्पे सारख्या प्रमाणात घेऊन, सगळ्या घटना एकत्र टाकून, आकारांची यादी केली. तीही लॉग-लॉगवर सरळ. उतार मात्र २.६ च्या आसपास. आणि हाच आकडा तिला जुन्या प्रयोगात सापडला. अमेरिकेतल्या फर्मीलॅबमध्ये ८० ते ३५० जीईव्हीचे (एक जीईव्ही म्हणजे हजार एमईव्ही) प्रोटॉन क्रिप्टॉन आणि झेनॉनच्या केंद्रकांवर सोडून तुकडे मोजले होते. १९८२ मध्ये त्याचे निकाल आले, घातनियम दिसला, घातांक सुमारे २.६. केंद्रकातल्या द्रव-वायू अवस्थांतराचा शोध जोमानं सुरू झाला तो बराचसा याच निकालामुळे.

आता तिच्या हातात दोन उतार होते आणि दोन्ही कुठल्या ना कुठल्या प्रयोगाशी जुळत होते. १९९४ मध्ये ईओएस या संशोधक गटानं बर्कलीच्या बेव्हालॅक त्वरकावर प्रतिन्यूक्लिऑन १ जीईव्हीची सोन्याची केंद्रकं कार्बनवर आदळून टाऊ २.१४ मिळवला होता, तो २.२ शी जुळतो. प्रोटॉनचा २.६ तिच्या एकत्र यादीशी जुळतो. तिनं मसुद्यात लिहिलं: 'आमच्या निकालांवरून सोन्याच्या केंद्रकात क्रांतिक बिंदू असल्याचं सिद्ध होतं.' मॅडमना जुळणी भक्कम वाटली. प्रकल्प जमा करायची तारीख जवळ आली होती.

मला दोन गोष्टी खटकत होत्या. दोन उतार का, हे मसुद्यात कुठेच नव्हतं. आणि शिखर येणं हा पुरावा आहे का, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. दुसरा प्रश्न नुसत्या पेन्सिलीनं सुटतो. केंद्रक अजिबात फुटलं नाही तर एकच तुकडा. सर्वांत मोठा वगळला की बेरीज शून्य. केंद्रकाचा पूर्ण भुगा झाला तर सगळे तुकडे एक-एकचे. आघूर्ण जवळपास एक. मधल्या कुठल्याही अवस्थेत दोन-चार मध्यम तुकडे आले की आघूर्ण एकाहून मोठा. म्हणजे तोडायची रीत कोणतीही असो, मध्ये शिखर येणारच. वस्तुमान टिकून राहतं एवढीच त्याला अट लागते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, आहे तसं जमा करणं, फक्त 'सिद्ध होतं' ऐवजी 'सूचित होतं' लिहिणं. मॅडमचा कल इकडे होता आणि त्यांची बाजू समजण्यासारखी होती. एम.एस्सी.च्या प्रकल्पाकडून नव्या शोधाची अपेक्षा नसते, कोड मुलीनं स्वतः लिहिला होता, उशीर झाला तर सत्र वाया जाण्याची भीती होती. माझा आक्षेप एवढाच की शब्द मवाळ केल्यानं तर्क दुरुस्त होत नाही.

दुसरा पर्याय, विषय बदलून आढावा लिहिणं. सुरक्षित, पण मुलीचं काम वाया.

तिसरा, प्रयोगाची खरी विदा मिळवणं. छापील आलेखांतले ठिपके मिळतात, पण घटनेगणिक तुकड्यांची यादी त्यांत नसते, आणि आमचा प्रश्न नेमका घटना वेगळ्या करण्याचा होता.

चौथा, एक असं प्रारूप उभं करणं ज्यात मधल्या कुठल्याही p ला अवस्थांतर नाही हे आधीपासून माहीत आहे, आणि सगळ्या चाचण्या त्याच्यावरही चालवणं. जी खूण दोन्हीकडे दिसेल ती बाद. याला फार वेळ लागणार नव्हता, पण धोका होता. सगळ्याच खुणा बाद झाल्या तर? प्रकल्पात दाखवायला काय उरणार, हा मॅडमचा प्रश्न रास्त होता.

चौथा पर्याय घ्यायचा, आणि वेळेत झालं नाही तर आहे ते काम 'प्रारूपाचा अभ्यास' म्हणून, केंद्रकाबद्दल एकही दावा न करता जमा करायचं, असं तिघांनी मिळून ठरवलं. हा राखीव मार्ग आधी ठरल्यामुळे मुलगी मोकळ्या मनानं कामाला लागली. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत उपयोगी निर्णय हाच.

काय केलं

तुलनेसाठी निवडली एक सरळ साखळी, मण्यांच्या माळेसारखी: २१६ जागा एका ओळीत, प्रत्येक जागा फक्त पुढच्या आणि मागच्या जागेशी जोडलेली. एका मितीत p एकपेक्षा जरादेखील कमी असेल तर साखळी कुठेतरी तुटतेच, म्हणून टोकापासून टोकापर्यंत पसरलेला तुकडा तयार होत नाही. मध्ये कुठेच क्रांतिक बिंदू नाही. वर सोय अशी की हे गणित हातानं सुटतं. s आकाराचा तुकडा मिळायला s − १ बंध टिकायला हवेत आणि दोन्ही बाजूंचा एकेक तुटायला हवा. म्हणजे संख्या (१ − p)² × p च्या (s − १) व्या घाताइतकी. कुठल्याही एका p साठी ही यादी घातांकी वेगानं घसरते, घातनियमाचा मागमूस नाही.

आता शून्य ते एक सगळे p सारख्या प्रमाणात मिसळा, म्हणजे याचं संकलन करा. उत्तर येतं २ ÷ [s (s + १)(s + २)]. मोठ्या s साठी हा सरळ घातनियम आहे, घातांक ३. आणि मापनात सहसा येणाऱ्या लहान आकारांत? s = २ ला हे मूल्य २ ÷ २४, s = २० ला २ ÷ ९२४०. आकार दहापट वाढला, संख्या ३८५ पट घटली. ३८५ चा लॉग २.५९.

मी हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा विद्यार्थिनी काही क्षण बोललीच नाही. जिच्यात मध्ये कुठेही अवस्थांतर नाही अशी साखळी, नुसते वेगवेगळे p मिसळल्यावर, २ ते २० या पल्ल्यात २.६ चा सरासरी उतार देते. दुसऱ्या दिवशी तिनं २१६ ची मर्यादित साखळी चालवून पाहिली. टोकांमुळे आकड्यात जाणवण्यासारखा फरक पडला नाही.

मॅडमनी इथे नेमका आक्षेप काढला. p = १ हे साखळीचं स्वतःचं क्रांतिक टोकच आहे ना, मग मिश्रणात ते आलं म्हणून घातनियम आला. बरोबर आहे. एका मितीत टाऊ २ आणि त्याच्या जोडीचा घातांक सिग्मा १ (खात्रीच्या मापाचा सिग्मा वेगळा; हा क्रांतिक बिंदूपासून दूर जाताना मोठे तुकडे किती झपाट्यानं लहान होतात ते सांगतो), बेरीज ३, हेच ते. आणि यातूनच पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. क्रांतिक बिंदू ओलांडून सगळ्या घटना मिसळल्या की मिळणारा घातांक टाऊ नसतो, टाऊ अधिक सिग्मा असतो. त्रिमितीय पर्कोलेशनमध्ये सिग्मा ०.४५. २.१९ आणि ०.४५ मिळून २.६४. दोन उतार का, याचा उलगडा झाला. प्रोटॉनच्या प्रयोगातही तसंच होतं: कोणती टक्कर मध्यावर झाली, कोणती कडेला घासून गेली हे वेगळं न करता सगळे तुकडे एकत्र मोजले होते.

पण मॅडमच्या आक्षेपानं एक गोष्ट अधिक पक्की झाली. मिश्र यादीचा उतार पाहून क्रांतिक बिंदू मधोमध आहे की 'केंद्रक न फुटण्याच्या' टोकाला आहे, हे सांगता येत नाही. जाळी २.६४ देते, साखळी २.६ च्या जवळ देते. एक फरक मात्र सापडला. उतार एकाच रेषेनं न काढता ठिकठिकाणी काढला तर साखळीत तो s = २ ला २.१७ आणि s = २० ला २.८६ असा बदलत जातो. म्हणजे आलेख खरं तर वाकलेला असतो, ठिपक्यांच्या विखुरण्यात तो बाक लपतो. तिनं मग सगळ्या आलेखांखाली स्थानिक उताराची पट्टी जोडली. प्रकल्पातलं हे पान मला फार मोलाचं वाटतं.

राहिलं शिखर. दोन्हीकडे शिखर येणार हे ठरलेलंच, मग वेगळं काय? आकारानुसार वाढ. इथे दुसरा एक निर्णय घ्यावा लागला. शिखर p च्या अक्षावर बघायचं की तुकड्यांच्या संख्येच्या? प्रयोगात p कुणालाच दिसत नाही. दिसते ती तुकड्यांची संख्या, ईओएस गटानं विद्युतभारित तुकड्यांची संख्याच वापरली होती. विद्यार्थिनीनं अक्ष बदलला, त्यासाठी कोडचा बराच भाग पुन्हा लिहावा लागला.

साखळीत शिखर चार तुकड्यांना आलं. साखळी २१६ ची असो की १००० ची, चारच. उंची एकूण जागांच्या सुमारे ०.११ पट, म्हणजे २१६ साठी २४. जागा जितक्या पट, उंची तितक्या पट. जाळीत शिखर पन्नास-साठ तुकड्यांच्या आसपास, आणि जाळी मोठी केली की ही संख्याही वाढत गेली. उंची मात्र जागांच्या प्रमाणात वाढली नाही. पर्कोलेशनच्या सिद्धांतानुसार ती बाजूच्या २.०५ व्या घातानं वाढायला हवी. बाजू ६ वरून १० केली की २१६ च्या १००० जागा होतात. साखळीची उंची ४.६ पट वाढते, जाळीची सुमारे २.८५ पट अपेक्षित. तिच्या मोजणीत जाळीची वाढ तीन पटीच्या आतबाहेर होती. बाजू ४ ची जाळी ओळीत बसली नाही, कारण ६४ पैकी फक्त ८ जागा आतल्या, बाकी सगळा पृष्ठभागच.

म्हणजे एक खूण तगली. शिखर कुठे येतं आणि आकारानुसार कसं वाढतं, यावरून जाळी आणि साखळी वेगळ्या ओळखता येतात.

मग तिनंच विचारलं, हे खऱ्या केंद्रकांवर करता येईल का? ईओएस गटानं सोन्याबरोबर लँथॅनम आणि क्रिप्टॉनवरही मापनं घेतली होती, म्हणजे वाट योग्य होती. पण पल्ला फार तोकडा. सोन्याचे १९७ आणि क्रिप्टॉनचे ८४ न्यूक्लिऑन. जागांचं गुणोत्तर २.३, बाजूचं १.३३. तेव्हा ताडायचं काय, तर शिखर २.३ पट वाढलं की १.८ पट. जाळी आपण हजार जागांची करू शकतो, केंद्रक करू शकत नाही. त्यात केंद्रकात प्रोटॉन एकमेकांना ढकलतात, ७९ प्रोटॉनच्या सोन्यात हे ढकलणं मोठं असतं, आणि आमच्या जाळीत ते अजिबात नाही.

निष्पत्ती

शीर्षक बदललं. 'क्रांतिक बिंदूचा शोध' गेलं, 'लहान संस्थांमधल्या क्रांतिक खुणांची पारख' आलं (संस्था म्हणजे इथे कणांचा समूह). 'सिद्ध होतं' हे वाक्य मुलीनं स्वतः खोडलं. प्रकल्प वेळेत जमा झाला. राखीव मार्गाची गरज पडली नाही.

व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न टाकला, "मग आहे की नाही केंद्रकात क्रांतिक बिंदू?" ती म्हणाली, "सर, या जाळीत आहे. केंद्रकाबद्दल ही जाळी एकटी काही सांगू शकत नाही." परीक्षकांनी जोडप्रश्न विचारला, तापमान कसं मोजतात. तिनं जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या अलाडिन गटाचा १९९५ चा उष्मावक्र (ऊर्जेनुसार तापमान कसं बदलतं त्याचा आलेख) काढून दाखवला: प्रतिन्यूक्लिऑन ३ ते १० एमईव्ही ऊर्जा घातली तरी तापमान ५ एमईव्हीच्या आसपास रेंगाळतं, पाणी उकळताना तापमान अडतं तसंच. आणि लगेच पुस्ती जोडली की तापमानाचं हे अडणं पहिल्या क्रमाच्या (पाणी उकळण्यासारख्या, दोन्ही अवस्था एकत्र असणाऱ्या) अवस्थांतराची खूण आहे, घातनियम क्रांतिक बिंदूची. दोन्ही एकाच केंद्रकात दिसल्यासारख्या वाटतात, कारण इतक्या लहान संस्थेत द्रव आणि वायू एकत्र नांदत असतानाही घातनियमासारखी यादी मिळू शकते. हे तिनं पाठ केलेलं नव्हतं, तिला ते कळलं होतं.

गुण चांगले मिळाले, पण सर्वांत वरचे नाहीत. 'नवीनता' या रकान्यात तिचे गुण कापले गेले, कारण अहवालात ठाम दावा नव्हता. माझ्या मते साखळीचं संकलन आणि स्थानिक उताराची पट्टी हीच त्या अहवालातली नवीनता होती, आणि मूल्यमापनाच्या तक्त्यात अशा कामाला जागा हवी. पुढे जिल्ह्यातल्या एका परिसंवादात तिनं याच कामाचं पोस्टर लावलं. सध्या ती नेटची तयारी करते आहे.

वेगळं काय करता आलं असतं

साखळी पहिल्या आठवड्यात हवी होती. ते गणित बी.एस्सी.च्या मुलालाही येतं, आणि ते आधी झालं असतं तर २.६ चा आलेख निघाला त्याच दिवशी त्याचा अर्थ लागला असता. जाळीचा कोड लिहायच्या आधी ज्याचं उत्तर हातानं काढता येतं असं एक प्रारूप चालवून बघायचं, असा क्रम आता दोन्ही महाविद्यालयांत ठेवला आहे.

तुकड्यांच्या संख्येचा अक्षही सुरुवातीपासून घेता आला असता. p सोयीचा असतो, कारण कोडमध्ये तो आपण घालतो. पण प्रयोगाशी तुलना करायची असेल तर प्रयोगात जे दिसतं त्यानंच घटना वेगळ्या करायला हव्यात. इथेही एक प्रश्न उघडा आहे: तुकड्यांची एकच संख्या वेगवेगळ्या p ना मिळू शकते, तेव्हा थोडं मिश्रण उरतंच. त्या उरलेल्या मिश्रणानं टाऊ किती सरकतो, हे आम्ही मोजलं नाही. हजारो घटना साठवलेल्या फायली आहेत, काम काही दिवसांचं आहे.

मॅडमचं मत वेगळं आहे आणि ते इथे नोंदवतो. त्यांच्या मते क्वार्क-ग्लुऑनचा धागा पूर्ण सोडायला नको होता. साखळीसारखी तुलना तिथेही होऊ शकली असती: निव्वळ प्रोटॉनची संख्या दोन स्वतंत्र प्वासाँ वाटपांच्या (निव्वळ योगायोगानं घडणाऱ्या घटनांच्या मोजणीच्या वाटपांच्या) फरकानं ठरते असं धरायचं, त्यात टकरीच्या आकारमानाचे चढउतार घालायचे, आणि क्रांतिक बिंदू नसताना चौथा आघूर्ण किती हलतो ते बघायचं. हे लॅपटॉपवर चालतं. मला आता हे पटतं. स्टारच्या दुसऱ्या टप्प्याची मापनं, २०१९ ते २०२१ दरम्यान घेतलेली, कितीतरी अधिक घटनांवर आधारलेली आहेत आणि डार्मस्टाटला सीबीएम हा, दाट केंद्रकीय पदार्थ तपासणारा प्रयोग भारताच्या सहभागानं उभा राहतो आहे, तेव्हा या प्रश्नाला पुढची काही वर्षं कामाचा तोटा नाही.

जाळीत विद्युतभार घालायचं राहिलं आहे. १९७ पैकी ७९ जागांना भार द्यायचा, ढकलण्याच्या ऊर्जेनुसार बंध तुटण्याची शक्यता बदलायची, आणि शिखर चारकडे सरकतं की साठकडे ते बघायचं. यंदाच्या बॅचमधला पारोळ्याचा एक विद्यार्थी हे करायला तयार झाला आहे. साखळीवर भार घातल्यावर काय होतं ते तो सध्या कागदावर सोडवतो आहे.